चार बोटं जागा

१

भिलाईच्या रुआबांध्यात हेमराज पेंटरचं घर कोणालाही विचारा, हात धरून नेऊन दाखवतील. हे घराणंच रंगवणाऱ्यांचं. आजोबा भय्याजी रामटेके भंडाऱ्याकडून भिलाईत आले तेव्हा त्यांच्या हातात ब्रश नव्हता, फावडं होतं. पण पहिल्याच वर्षी भीमजयंतीच्या मिरवणुकीसाठी त्यांनी कापडावर बाबासाहेब असे काही रंगवले, की ठेकेदारानं फावडं काढून घेतलं आणि रंगाचा डबा हाती दिला. तेव्हापासून दोन पिढ्या त्या घरानं कारखान्यांचे सेफ्टी बोर्ड केले. पट्ट्यात ओढली जाणारी बाही, मचाणावरून घसरलेला पाय, भट्टीच्या तोंडाशी वाकलेला माणूस, असली चित्रं. खाली हिंदीत चार शब्द सावधगिरीचे.

या कामाची त्यांच्याकडे एक रीत होती. मशीन आणि माणूस यांच्या मधात चार बोटं जागा सोडायची. नुसता पत्रा. रंग नाही, अस्तर नाही, काही नाही. बोर्ड केवढाही असो, तेवढी पट्टी कोरीच राहायची. का, ते विचारू नका. ज्या घराच्या भिंतीवर बावीस प्रतिज्ञा लावलेल्या, जिथं नव्या स्कूटीला कोणी लिंबू-मिरची बांधली तर भय्याजी ती तोडून नालीत फेकायचे, त्या घरात कोण कशाला घाबरणार? ‘कामाची रीत आहे,’ एवढंच हेमराज म्हणायचा. बाप सोडत होता म्हणून तो सोडत होता.

तिसऱ्या पिढीत कला उतरली ती पोरीत. धाकट्या प्रफुलला सरळ रेघ मारता येईना, आणि दामिनी सातव्या वर्षी बापाच्या बोर्डावरचं हेल्मेट तिरपं झालंय म्हणून सांगायची. लोक म्हणत, पोरगी कुठं शिडीवर चढते का? ती चढली. खैरागढच्या कला विद्यापीठात पाच वर्षं शिकली, रायपूरला तिच्या चित्रांची दोन प्रदर्शनं लागली, पेपरात फोटो आला. लग्नाचं विचारायला आलेल्या मावश्या तिच्या तोंडाला घाबरून परत गेल्या. तिला आपल्या हाताचा गर्व होता. असणारच ना, एवढा हात कोणाचा होता त्या गल्लीत? पण बापाचे बोर्ड तिला नेहमी अर्धवट वाटायचे. ती कोरी पट्टी म्हणजे तर तोंडात दात नसल्यासारखी, असं ती बापाच्या तोंडावर म्हणायची. तो हसायचा, आणि पट्टी सोडायचा.

२

प्रफुल इंडस्ट्रियल एरियातल्या एका खाजगी रोलिंग मिलमध्ये कामाला होता. फेब्रुवारीत तोच घरी निरोप घेऊन आला. मार्चमध्ये सेफ्टीचा आठवडा येतो, लाईनजवळ मोठा बोर्ड पाहिजे, आणि फ्लेक्स तिथल्या आचेनं आठ दिवसांत सुरकुततो. पत्र्यावर रंगवून द्या.

हेमराजचे हात आता कापत. चहाची बशी धरता येत नव्हती, ब्रश कुठला धरतो? दामिनी म्हणाली, “मी करते. पण माह्या पद्धतीनं करीन.”

सहा फुटांचा पत्रा पुढच्या खोलीत भिंतीला टेकवला. नमुन्याला त्या घरात नेहमी घरचाच माणूस उभा राहायचा. भय्याजींनी हेमराजला उभं केलं, हेमराजनं बायकोच्या भावांना. दामिनीनं प्रफुलला धरलं.

“माय, तुह्यं लाटणं दे व!” प्रफुल ओरडला. आई रत्नमाला पोळ्या टाकून राहिली होती. “ताईले रोल पायजे.”

“मंग माह्या पोळ्या कायनं लाटू, डोक्यानं?”

शेवटी लाटणं आलं, पिठासकट. प्रफुलनं कामाचा दस्ताना, जाड हातमोजा, घातला, बाही वर केली आणि लाटण्याकडे हात पुढे करून उभा राहिला. कोपराच्या खाली त्याला जुना डाग होता, गरम लोखंडाची पत्री उडून पोळल्याचा, उलट्या पानासारखा. दामिनीनं तो डागसुद्धा काढला.

“दहा मिनिटं झाली ताई. खांदा भरून आला.”

“हलू नको. मिलमध्ये आठ घंटे उभा राहतोस तवा नाही भरत?”

“तिथं मले कोनी टक लावून नाही पाहत.”

दामिनी हसली नाही. हात काढताना ती माणूस विसरायची, ही तिची जुनी खोड. मास्तरांनी याच गोष्टीसाठी तिचं कौतुक केलं होतं.

चौथ्या दिवशी चित्र झालं. रोलचा जोड, म्हणजे सळई दाबणारे दोन लोखंडी रूळ, मधून सळसळत येणारी तांबडी सळई, वाकलेला माणूस, पुढे आलेला हात. खोलीत येणारा जो तो दारातच थबकायचा. फक्त ती पट्टी राहिली होती, कोरी, पांढुरकी. दामिनीनं दुपारभर तिच्याकडे पाहिलं. एवढं जिवंत काम, आणि मधात हा पत्रा उघडा टाकायचा? बाप आत झोपला होता. तिनं सळईच्या आचेचा केशरी रंग कालवला आणि पट्टी भरून टाकली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा तिला कोण सांगणार? चित्र असं पेटून उठलं की तिला स्वतःच्याच अंगावर काटा आला, आणि बरं वाटलं.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन ती बोर्डासमोर बसली. काहीतरी चुकलं होतं. हात पुढे आल्यासारखा वाटत होता.

तिनं उठून डाव्या हाताची चार बोटं रोल आणि दस्तान्याच्या टोकाच्या मधात ठेवली. तीनच मावली. करंगळी दस्तान्यावर येत होती.

आता दामिनी काही अडाणी नव्हती. गरम रंग पुढे येतात, थंड रंग मागे जातात, हे तिनं परीक्षेत लिहिलेलं. पण डोळा फसतो, बोटं कशी फसतील? मग तिनं स्वतःला समजावलं, की मुळात आपणच कमी जागा सोडली असेल. चार बोटं म्हणजे कोणाची? भय्याजींचा पंजा केवढा होता! तरी तिनं मोजपट्टी आणून मोजलं. साडेपाच सेंटीमीटर. कॅलेंडरवर पेन्सिलीनं लिहून ठेवलं.

संध्याकाळी प्रफुल घरी आला तो उजव्या हाताची बोटं चोळत. सांधे सुजून निळे झाले होते.

“काय झालं रे?”

“काई नाही. रोलचा झटका बसला. बाजूले शुभम होता, त्यानं ओढलं मले मागं.” मग हसून म्हणाला, “अबे, मैं तो रोज वहीं खड़ा रहता हूँ, आज पता नहीं कैसे आगे गया. पाय आपोआपच पुढं गेल्यावानी झाले.”

“लक्ष कुठं असते तुह्यं?” रत्नमालानं हळद-तेल गरम केलं. “बोलत असशीन गप्पा.”

दामिनी पुढच्या खोलीत गेली. मोजपट्टी लावली. साडेचार.

ती तिथंच खाली बसली. पत्रा उन्हानं फुगतो, संध्याकाळी आक्रसतो. पण मग सगळंच आक्रसायला हवं होतं, रोलसुद्धा, अक्षरंसुद्धा. तिनं अक्षरं मोजली. ती जागच्या जागी होती.

पुढच्या दोन दिवसांत तिला एक गोष्ट कळून चुकली. ती पाहत असताना काही हलत नव्हतं. चहा पिताना बशीकडे पाहिलं, दारात कोण आलं म्हणून मान वळवली, की तेवढ्यात व्हायचं. घंटा-घंटा तिनं डोळे फाडून पाहिलं, डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. आणि पत्र्यातून एक आवाज यायचा, बारीक, सलग, मोटार लांब कुठंतरी चालू असल्यासारखा. तिनं तळवा टेकवला तर दातांपर्यंत झिणझिण्या गेल्या.

४

तिसऱ्या दिवशी दुपारी हेमराज भिंत धरत धरत पुढच्या खोलीत आला. पोरगी जेवायला का येत नाही, हे पाहायला. त्यानं बोर्डाकडे पाहिलं.

“पट्टी कुठं हाय?”

“बाबा, ते...”

“पट्टी कुठं हाय, दामे?”

“भरली मी. खराब दिसत होतं.”

ज्या बापानं जन्मात तिला बोट लावलं नव्हतं, त्यानं कोपऱ्यातली रंगवताना हात टेकवायची काठी उचलली आणि तिच्या खांद्यावर मारली. मग पाठीवर. मग हातावर, उजव्या. त्याचे हात कापत होते म्हणून घाव कुठंही बसत होते. कानाखाली एक बसला तसं तिच्या डोळ्यांपुढे काळं झालं. रत्नमाला पिठाच्या हातांनी धावत आली आणि त्याच्या कमरेला मिठी मारून त्याला मागं ओढायला लागली. काठी मोडली तेव्हा तो थांबला, आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

“कावून मारलं?” दामिनी भिंतीशी सरकली होती. ओठातून रक्त येत होतं. “सांग ना, काय होते त्यानं? कावून सोडत होते भय्याजी?”

“मले नाही माहीत. मी इच्यारलं नाही कधी.” त्यानं नाक पुसलं. “पत्ती आन. खरड. आत्ताच्या आत्ता खरड.”

पुट्टी काढायची रुंद पत्ती घेऊन दामिनी पट्टीवर तुटून पडली. केशरी रंग सालपटासारखा निघत गेला. खाली पत्रा चमकला. पण आता ती पट्टी चार बोटं राहिली नव्हती. दस्तान्याचं टोक एवढं पुढे आलेलं, की रोलच्या आणि त्याच्या मधात एका बोटापुरता पत्रा निघाला. तेवढाच. त्याच्यापुढे खरडायला जागाच नव्हती, हात होता.

“प्रफुल कुठं हाय?” हेमराज म्हणाला.

“दुपारच्या शिफ्टले गेला,” रत्नमाला म्हणाली. “दोन वाजता गेला. डबा घेऊन गेला ना.” आणि मग ती दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहायला लागली. “काय झालं? मले सांगा ना कोनी, काय झालं?”

५

फोन लॉकरमध्ये ठेवून आत जायचं, असा तिथला नियम. प्रफुलचा फोन नुसता वाजत राहिला. दामिनीनं गेटवरच्या पहारेकऱ्याला लावला.

“मॅडम, लाइन चालू है. किसको बुलाऊं? काम क्या है?”

काय काम सांगणार? “घर में सीरियस है. उसके पापा सीरियस हैं. उसको लाइन से हटाओ, बस.”

“देखता हूँ,” तो म्हणाला आणि फोन ठेवला.

हेमराजनं शर्ट चढवला. ज्याला चप्पल घालता येत नव्हती तो रत्नमालाच्या खांद्यावर हात टाकून ऑटो धरायला निघाला. “तू इथं बस,” तो दारातून म्हणाला. “पाहत राह्य. नजर हलवू नको.” म्हणजे त्यालाही ठाऊक होतं. विचारलं नव्हतं, पण ठाऊक होतं.

दामिनी बसली. तीन वाजले असतील. बाहेर भंगारवाला ओरडत गेला, कोणाच्यातरी कुकरची शिट्टी झाली. पत्र्याचा आवाज वाढत चालला होता. तो आता दारांच्या कड्यांतून, डब्यांच्या झाकणांतून यायला लागला. शेल्फचा खिळा भिंतीत थरथरत होता. ती दोन्ही डोळे एकदम न मिटता पाहत राहिली. एक डोळा मिटायचा, तो उघडायचा, मग दुसरा. कानाखालच्या मारानं डोकं ठणकत होतं.

मग धाड्कन खिळा निखळला आणि लाटणं, जे रत्नमालानं दुसरं आणल्यामुळे त्या दिवसापासून तिथंच शेल्फवर होतं, खाली पडलं. तिची नजर वळली. निमिषभर. कोणाची वळली नसती?

परत पाहिलं तेव्हा बोटं रोलच्या आत होती.

तिच्या घशातून जो आवाज निघाला तो तिचा नव्हता. वाकलेल्या माणसाचं तोंड तिनं मिटलेलं काढलं होतं, ते उघडलेलं होतं. तिनं पाणी आलेले डोळे पुसले, आणि तेवढ्यात मनगट गेलं. रोलच्या कडेनं लाल काहीतरी ओघळत होतं. त्या घरात कोणी कधी न काढलेला रंग. आता कोपराखालचा तो डाग रोलपासून वीतभर राहिला होता. त्याच्यामागे कोपर, त्याच्यामागे खांदा, आणि खांद्याला लागून हेल्मेटखालचं डोकं. सळई ओढून घेते तसं रोल माणसाला ओढून घेतो. प्रफुलनंच सांगितलं होतं, रायपूरच्या एका पोराचं.

विचार करायला वेळ नव्हता, पण तिनं विचार केला. हे नीट ऐका, कारण नंतर तिनं स्वतःला हेच शंभरदा सांगितलं. मशीन आणि माणूस यांच्या मधात चार बोटं. हात तर गेला. आता माणूस उरलाय तो कोपरापासून. तर मग चार बोटं तिथंच सोडायची.

तिनं पत्तीची कड डागावर टेकवली आणि दोन्ही हातांनी रेटली.

पत्र्यावरचा वाळलेला रंग खरडताना कर्र वाजतो. हा वाजला नाही. पत्ती आत गेली. मऊ काहीतरी आधी दबलं, मग फाटलं, मग टणक लागलं. तिनं गुडघा पत्र्याला लावला आणि पत्ती पुढे-मागे ओढली. कोमट काहीतरी तिच्या बोटांवरून मनगटापर्यंत आलं. मधेच केव्हातरी पत्र्याचा तो आवाज बंद पडला, सगळी खोली एकदम गप्प झाली. ती थांबली नाही. वरून एक रेघ, खालून एक रेघ, आणि मधलं सगळं खरडून काढलं, पांढरा पत्रा दिसेपर्यंत. बोटं लावून पाहिली. चार.

मग ती मोरीत गेली आणि टर्पेंटाइननं हात धुतले. पाणी लाल झालं, आणि तिनं काही त्याचा वास घेऊन पाहिला नाही.

पावणेचारला शुभमचा फोन आला. “दीदी, प्रफुल का हाथ... दीदी, वो ज़िंदा है. वो ज़िंदा है दीदी.”

६

उजवा हात कोपराखाली गेला. चार बोटं कोपराखाली.

डॉक्टर भले होते, पण कपाळाला आठ्या घालून बोलत होते. रोलमध्ये सापडलेला हात चेंदला जातो, हाडांचा भुगा होतो, खांद्यापर्यंत जाते जखम. हा तर कापल्यासारखा आहे. पत्र्याची धार लागली असेल, ते म्हणाले. काही म्हणा, नशिबानं वाचला. हेमराज बाकावर बसून “वाचला, वाचला” एवढंच म्हणत होता. त्यानं दामिनीच्या सुजलेल्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्याच्या डोळ्यांत तिनं माफी पाहिली. तिला रडू फुटलं. भीतीचं नव्हतं ते. खरं सांगायचं तर अभिमानाचं होतं. आपण भावाला ओढून आणलं यमाच्या दारातून, असं तिला वाटत होतं, आणि हे जगात कोणाला सांगता येणार नाही म्हणून छाती भरून आली होती.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला प्रफुल नीट शुद्धीवर आला. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. रत्नमाला त्याच्या पायाशी बसून मोसंबी सोलत होती. दामिनी उशाशी स्टुलावर बसली आणि त्याच्या कपाळावरून हात फिरवला. त्यानं डोकं बाजूला घेतलं.

“दुखते का रे?”

त्याचे ओठ कोरडे होते, तिनं चमच्यानं पाणी पाजलं. ते त्यानं गिळलं.

“ताई, तू तिथं कशी आली?”

“कुठं?”

“लाईनवर. रंगाचा एप्रन घालून.” तो हळू बोलत होता, रागानं नाही, कोडं पडल्यासारखा. “माह्या बाजूले येऊन उभी राहिली. पत्ती होती तुह्या हातात.”

“औषधाची गुंगी हाय तुले, बापा. मी घरी होती. बाबाले इच्यार.”

“शुभमनं बटन दाबलं होतं, ताई. रोल थांबला होता. दस्ताना फसला होता नुसता, बोटं चेंदली होती, पन हात निघून राहिला होता. मी म्हणलं निघतो, निघतो.” त्याच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानात गेलं. “बोटं गेली असती, बस. रोल थांबल्यावर तू कापाले लागली.”

“प्रफुल...”

“मी भल्ला बोंबललो. थांब म्हणलं, ताई थांब, मी हाव. तू मले आयकलंच नाही. माह्या तोंडाकडे एकदा पाह्यलं नाही तू. नुसती हाताकडे पाहून राहिली होती.”

मोसंबी सोलायचा आवाज थांबला होता.

रत्नमाला उठली. तिनं फोडींची वाटी खिडकीत ठेवली, पदराला हात पुसले, आणि लेकीचा दंड धरून तिला स्टुलावरून उठवलं. मग ते स्टूल ओढून ती स्वतः दोघांच्या मधात बसली, लेकीकडे पाठ करून.